नागपूरच्या उन्हाळ्यात घरी डार्करूम : सुरुवात कुठून करू?

संत्रानगरी :

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका शाळेत चित्रकला शिकवतो. बरीच वर्षं ३५ मिमी फिल्मवर कृष्णधवल फोटो काढतो आहे, बहुतेक एचपी-५ या फिल्मवर. रोल धुवायला कुरिअरने बाहेरगावी पाठवतो आणि स्कॅन मेलवर येतात. फोटो मी काढलेला असतो, पण तो माझ्या हातून पुरा होत नाही. ही रुखरुख आता फार वाढली आहे.

परवा बंद होत असलेल्या एका स्टुडिओतून एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठी करून छापायचं यंत्र, विकत घेतला. सोबत ५० मिमीची लेन्स, तीन ट्रे, दोन चिमटे आणि कागद धरायची चौकट मिळाली. बल्ब लागतो, लेन्स स्वच्छ आहे. घरात जागा एकच आहे, ती म्हणजे आतल्या खोलीचं न्हाणीघर, ५ फूट बाय ७ फूट. एक झरोका आहे आणि त्यात एक्झॉस्ट फॅन. कमोडवर जाड फळी टाकली की एन्लार्जर बसेल असा अंदाज आहे. झरोक्यासाठी काळा कागद आणून ठेवलाय.

विचारायचं ते असं. अंधार पुरेसा झाला हे ओळखायचं कसं? तांबडा दिवा म्हणून बाजारातला साधा लाल बल्ब चालेल का? आणि आमच्याकडच्या मे महिन्यात हे काम होतं तरी का? गच्चीवरची टाकी काळी आहे, दुपारी नळाखाली हात धरवत नाही. जमलं तर आठवी-नववीच्या मुलांना कोऱ्या कागदावर चित्र उमटताना दाखवायची फार इच्छा आहे.

रोल१२० :

पुण्याहून लिहितोय. न्हाणीघर काळं करण्याआधी एक विचार करा. रोल धुवायला डार्करूम लागतच नाही. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, हात घालून फिल्म धुवायच्या बंद टाकीत भरायची, झाकण लागलं की पुढचं सगळं ओट्यावर भर उजेडात होतं. नंतर डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो घ्यायचा. मी असंच करतो आणि समाधानी आहे. एन्लार्जर, कागद, ट्रे म्हणजे जागा आणि पैसे दोन्ही जातात. मुलांना दाखवायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण ट्रेमधल्या त्या क्षणाला पर्याय नाही.

कृष्णाकाठ :

वयाने मोठी आहे, जरा सविस्तर लिहिते.

कराडला आमचा स्टुडिओ होता. सासऱ्यांनी सुरू केला, पुढे मिस्टरांनी चालवला. मिस्टर बाहेरची कामं बघायचे, म्हणजे लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप. डार्करूम माझ्याकडे होती. सासऱ्यांनीच मला शिकवलं, तेही घरातली बाकीची कामं आटोपल्यावर रात्री. रंगीत मशीन आलं तेव्हा रंगीत रोल कोल्हापूरला जाऊ लागले, पण दहावीच्या फॉर्मचे कृष्णधवल पासपोर्ट त्यानंतरही बराच काळ माझ्याच हातून निघत होते.

तुमचे पहिले दोन प्रश्न उजेडाचे आहेत, त्यांची उत्तरं आधी देऊन टाकते. दार-झरोका बंद करून, दिवा मालवून आत बसा. डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं तरी लागतात, लगेच बाहेर पडू नका. मग पांढरा कागद हातभर अंतरावर धरा. दिसला तर फट आहे. ती बहुतेक दाराखाली सापडते, किंवा एक्झॉस्टच्या पात्यांतून. दाराला खाली काळं रेक्झिन मारा, पंख्यावर आतून काळा रंग दिलेला पुठ्ठ्याचा वळणदार बोळ बसवा, म्हणजे हवा जाते आणि उजेड अडतो. पंखा बुजवू नका, ॲसेटिक ॲसिडचा आणि हायपोचा, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरचा, वास कोंडला की घसा धरतो. गिझरचा बारका दिवा, मोबाइल, हातातलं चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ, सगळं झाका किंवा बाहेर ठेवा.

तांबडा दिवा फक्त कागदासाठी. तुमची एचपी-५ सगळे रंग पाहते, तांबडासुद्धा, म्हणून फिल्म भरताना मिट्ट अंधारच हवा. कागद निळ्या-हिरव्याला जागा असतो, तांबड्याला नाही. १५ वॉटचा, कागदापासून चार फुटांवर, हा नेहमीचा हिशेब. बाजारातल्या लाल बल्बवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका, रंग पातळ असला की पांढरा उजेड गळतो. पारख अशी करा : एन्लार्जरखाली कागदाला अगदी थोडा उजेड द्या, इतकाच की तो धुतल्यावर हलका राखाडी यावा. मग त्यावर दोन-तीन नाणी मांडून तांबड्या दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि नंतर धुवा. नाण्यांच्या जागी फिकट गोल दिसले तर दिवा खोटा.

झालं. अंधार एका रविवारात जमतो. तुमच्या गावी खरी अडचण पाण्याची आहे, आणि लोक काळ्या पडद्यांवर पैसे घालून झाले की मग त्यांना ती कळते.

डेव्हलपर म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, त्याच्यावरचे तक्ते २० अंशांचे असतात. २० अंश हे थंड देशातल्या खोलीचं तापमान. आमच्याकडे कराडला नदीकाठ असूनही चैत्र-वैशाखात पाणी ३० च्या पुढे जायचं, तुमच्याकडे त्याहून वर. गरम डेव्हलपर भराभर काम करतो. एक अंश वाढला की वेळ साधारण दहाव्या हिश्श्याने कमी करावा लागतो. एचपी-५ ला कोऱ्या, म्हणजे पाणी न मिसळलेल्या, आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. तेच २७ अंशांना चार मिनिटांच्या खाली येतं, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ झाला की निगेटिव्हवर डाग-पट्टे येऊ लागतात. आकाश असलेल्या फोटोत ते लगेच दिसतात. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर कधी कोरा वापरू नका, निम्मं पाणी घाला. तोच आयडी-११ निम्मा केला की २० ला १३ मिनिटं, २४ ला साधारण ९, २७ ला साडेसहाच्या आसपास. म्हणजे उन्हाळा असूनही हाताला वेळ मिळतो. २० अंश गाठायच्या मागे लागू नका. २४ वर स्थिर राहणं पुरे.

आता २४ आणायचं कसं. तुमच्याकडची हवा कोरडी आहे, हे मोठं भाग्य. माठ घ्या, दोन घ्या, आणि त्यांना ओलं गोणपाट गुंडाळून रात्री खिडकीशी ठेवा. कोरड्या हवेत माठ जे करतो ते दमट कोकणात करत नाही. सकाळी नळाचं आणि माठाचं पाणी यांत थर्मामीटरला स्पष्ट फरक दिसेल. उरलेले दोन-चार अंश बर्फाने काढा. पण बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो विरळ होतो. मोठं घमेलं घ्या, त्यात माठाचं पाणी आणि पिशवीत बांधलेला बर्फ, आणि बाटल्या, फिल्मची टाकी सगळं त्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवा. स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो आणि धुवायचं पाणीही त्याच घमेल्यात. हे फार महत्त्वाचं. नवखी माणसं डेव्हलपर थंड करतात आणि मग फिल्म नळाच्या ३८ अंशांच्या पाण्याखाली धरतात. जुन्या फिल्मवर अशा धक्क्याने चित्र धरणारा जिलेटिनचा थर आक्रसून बारीक जाळं उमटायचं, सगळ्या चेहऱ्यावर. आजच्या फिल्मचं जिलेटिन कारखान्यातच कडक केलेलं असतं, जाळं सहसा पडत नाही. तरी गरम पाण्यात ते फुगून मऊ होतं आणि नख लागलं तरी ओरखडा उठतो.

सासरे वैशाखात डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे, लिटरला शंभर ग्रॅम. त्याने जिलेटिन फुगत नाही. डेव्हलपर आम्ही घरीच बनवायचो, डी-७६, १९२७ पासून चालत आलेलं सूत्र : मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, एकूण एक लिटर. पाणी ५० अंशांचं, आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, मग बाकीचं. क्रम चुकला तर मेटॉल नीट विरघळत नाही. सल्फाइट आणि सल्फेट हे दोन वेगळे पदार्थ आहेत, डब्यांवर ठळक लिहून ठेवा. मेटॉल काहींच्या कातडीला सोसत नाही, हातमोजे घाला. आणि डार्करूमचं एकही भांडं, चमचा, मोजमाप स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

धुण्याचं पाणी किती लागतं याची धास्ती घेऊ नका. वाहत्या नळाखाली अर्धा तास फिल्म धरायची गरज नाही. टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. फिल्म स्वच्छ होते आणि एकूण लिटरभर पाणी लागतं. साधा भरभर फिक्सर असेल तरच हे करा, फिक्सरमध्ये कडक करणारं द्रव्य असेल तर जास्त धुवावं लागतं. शेवटचं पाणी मात्र नळाचं नको. बोअरचं तर नकोच. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते घ्या, नाहीतर वाळल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात आणि एन्लार्जरखाली तेच ठिपके रुपयाएवढे दिसतात.

फिल्म वाळवताना कूलर बंद. नागपुरात हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरच्या हवेबरोबर तुषार येतात आणि ताट्यांचे तंतू येतात, ते ओल्या जिलेटिनवर बसले की निघत नाहीत. न्हाणीघरात आधी शॉवर सोडून धूळ खाली बसवा, मग फिल्म टांगा आणि दार लावून घ्या.

आता विजेबद्दल. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडायचं, एन्लार्जरचा बल्ब पिवळा व्हायचा. आठ सेकंदांची कॉपी नऊ वाजता बरोबर यायची आणि साडेसातला फिकट. म्हणून प्रिंटिंग रात्री अकरानंतर, गाव झोपल्यावर. तुम्ही एन्लार्जरला छोटा स्टॅबिलायझर लावा, तो आधी घ्या, टायमर मागाहून घेतला तरी चालेल.

रोल१२० यांचं म्हणणं खोटं नाही. पण एन्लार्जर घरात आलेला आहे, आणि मुलांचं मनात आहे. तुम्ही कराच.

संत्रानगरी :

काकू, मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन. तुमचा प्रतिसाद छापून कपाटाला चिकटवलाय. माठ घरात दोन आहेतच, थर्मामीटर उद्याच आणतो.

अजून दोन गोष्टी विचारतो. वापरलेला हायपो ओतायचा कुठे? मोरीत ओतू नये असं ऐकलंय. आणि मुलांना घेऊन करायचं तर सुरुवात कशाने करू? निगेटिव्ह, एन्लार्जर, कागदाची ग्रेड, हे सगळं एकदम सांगितलं तर ती बिचकतील.

सोलापूरकर :

हायपोचं मी सांगतो. माझी सगळी नोकरी एक्स-रे विभागात गेली, सोलापुरात, म्हणजे उन्हाळ्याच्या बाबतीत तुमचा शेजारीच.

हायपोत चांदी असते. फिल्मवर किंवा कागदावर जिथे उजेड पडला नाही तिथली चांदीची संयुगं हायपो विरघळवून घेतो, आणि ती त्याच्यात साठत जातात. दवाखान्यात आम्ही वापरलेला हायपो कॅनमध्ये भरून ठेवायचो, चांदी काढणारे लोक येऊन विकत न्यायचे, जुन्या फिल्मही न्यायचे. घरगुती प्रमाणात एक कॅन भरायला बरेच महिने लागतील. झाकण घट्ट लावून, नाव लिहून, मुलांपासून लांब ठेवा आणि जवळच्या एखाद्या एक्स-रे केंद्रात विचारा, कोण नेतं ते तिथे कळेल. कोणी नेलं नाही तर कॅनमध्ये भांडी घासायचा लोखंडी काथ्या टाकून ठेवतात. लोखंड विरघळतं आणि चांदी गाळासारखी खाली बसते. मोरीत मात्र ओतू नका, पाण्यातल्या जिवांना चांदी घातक आहे.

हायपो संपला की नाही हे बघायला फिल्मचा सुरुवातीचा वाया जाणारा तुकडा त्यात टाका. दुधी रंग जाऊन तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची. ताज्या हायपोत लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ नुसतं पारदर्शक व्हायलाच लागू लागला की तो कॅनमध्ये जमा करायचा.

आणि एक. दवाखाने डिजिटल झाल्यामुळे एक्स-रेच्या डार्करूमचं सामान भंगारात निघालंय. तांबडे सेफलाइट, स्टीलच्या टाक्या, टांगायच्या क्लिपा. ते सेफलाइट चांगल्या फिल्टरचे असतात, बाजारातल्या लाल बल्बपेक्षा शंभरपट भरवशाचे. काकूंची नाण्यांची पारख त्यावरही करा, कारण फिल्टर जुना झाला की त्याचा रंग उडतो. एक्स-रे फिल्म मिळाली तर तीही घ्या. ती तांबड्या उजेडात हाताळता येते, त्यामुळे पत्र्याच्या डब्याचा पिनहोल कॅमेरा, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोक असलेला, करून मुलांना निगेटिव्ह ट्रेमध्ये उमटताना दाखवता येईल. दोन्ही बाजूंना जिलेटिन असतं, ट्रेच्या तळाला घासली की ओरखडे पडतात. तळाशी काच ठेवा आणि एकेकच फिल्म धुवा.

आमच्यात काही जण घड्याळ न बघता तांबड्या दिव्यासमोर फिल्म धरून, काळेपणा बघून बाहेर काढायचे. घाईच्या वेळी सगळेच करायचे, पण मला ते कधी पटलं नाही. वेळ आणि तापमान नीट पाळलं की फुप्फुसाचा बारीक डागसुद्धा दिसतो. अंदाजाने काढलेल्या फिल्मवर तो दिसेल याची खात्री नसते, आणि तिथे एका माणसाचा प्रश्न असतो.

कृष्णाकाठ :

सोलापूरकर, शेवटचं वाक्य लाखाचं. स्टुडिओतही हेच.

बरं, मुलांचं. एन्लार्जर, निगेटिव्ह पहिल्या दिवशी नको. फोटोग्राम करायला लाव. तांबड्या दिव्याखाली कागदावर पिंपळाचं पान, किल्ली, बांगडी, जाळीचा कापड, जे त्यांना आवडेल ते मांडू दे. दोन-तीन सेकंद पांढरा उजेड, आणि कागद ट्रेत. उजेड पडला तिथे काळं, झाकलं होतं तिथे पांढरं. निगेटिव्ह म्हणजे काय हे त्यांना न सांगता कळेल. मग दुसऱ्या खेपेला तोच कागद उलटा दुसऱ्या कोऱ्या कागदावर दाबून उजेड द्या, काळ्याचं पांढरं होईल. तिथून एन्लार्जर फक्त एक पायरी.

प्लास्टिकचा थर असलेला आरसी पेपर घे, जुना फायबर पेपर मुलांसाठी नको. आरसी मिनिटभर डेव्हलपरमध्ये, दहा सेकंद स्टॉपमध्ये, अर्धं मिनिट ताज्या भरभर फिक्सरमध्ये, आणि दोन मिनिटं धुतला की झाला. फायबर पेपर तासभर धुवावा लागतो, तेवढं पाणी तुझ्याकडे नाही. एका वेळी दोनच मुलं आत, तिसरं दारावर. चिमटे दोन आहेत म्हणतोस, तीन कर, प्रत्येक ट्रेचा वेगळा. हायपोचा एक थेंब डेव्हलपरमध्ये गेला की डेव्हलपर बिघडतो. न्हाणीघरात ओली बाजू आणि कोरडी बाजू पहिल्यापासून ठरव. एन्लार्जर, कागदाचं पाकीट, कात्री इकडे, ट्रे तिकडे, आणि ओला हात इकडे आणायचा नाही. जागा ५ बाय ७ असली तरी ही शिस्त जमते, आमची खोली याहून फार मोठी नव्हती.

आता रोल१२० यांच्या म्हणण्याकडे येते, की निगेटिव्हचा डिजिटल फोटो पुरे; तो पुरेसा का नाही. त्याबद्दल मला बोलायचंच होतं.

आमच्या डार्करूममध्ये सर्वांत जास्त काळजीने जे काम व्हायचं ते लग्नाचं नव्हतं. गावाकडचा माणूस यायचा, धोतराच्या घडीत गुंडाळलेला एक फोटो काढायचा. बहुतेक ग्रुप असायचा, कुणाच्या तरी वराती-पंगतीतला, आणि म्हणायचा, मागच्या रांगेत डावीकडून तिसरी, ती आमची आई, एवढाच फोटो आहे, भिंतीला लावायला मोठा करून द्या, तेराव्याला पाहिजे. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. कधी पदराची सावली अर्ध्या चेहऱ्यावर.

आधी त्या फोटोचीच कॉपी घ्यायची, दोन्ही बाजूंनी सारखे दिवे लावून. ती निगेटिव्ह धुताना वेळ थोडा जास्त द्यायचा, कारण जुना फोटो फिकटलेला, जोर येत नाही. मग सासरे निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलने रिटचिंग करायचे, भिंग लावून, सुरकुती ठेवायची आणि कागदाचा चुरगळा काढायचा. दोन्हीतला फरक ओळखायला चेहरा समजावा लागतो. मग एन्लार्जर. हार्ड, म्हणजे काळं-पांढरं तीव्र दाखवणारा, पेपर घेतला तर कपाळ पांढरं पडतं आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या. सॉफ्ट घेतला तर सगळं राखेसारखं. मधला घ्यायचा, आणि उजेड चालू असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा सावलीतल्या गालावर सारखा हलवत राहायचा, म्हणजे तिथे कमी उजेड पोचून गाल उजळतो. कपाळावर उलट, हाताच्या मुठीतल्या फटीतून थोडा जास्त. किती वेळ, ते चाचणीच्या पट्टीवर ठरायचं. एक पट्टी, दुसरी पट्टी, रात्रीचे दोन वाजायचे.

आणि मग तो माणूस येऊन फोटो हातात घेऊन उभा राहायचा. आई अशीच दिसायची म्हणायचा. काही वेळा तर मुलांनी आईचा चेहरा नीट असा पहिल्यांदाच बघितलेला असायचा, कारण आई गेली तेव्हा मुलं लहान होती.

हे आज कॉम्प्युटरवर होतं, लवकर होतं आणि चांगलंही होतं. माझं त्याच्याशी भांडण नाही. पण आपल्या हाताची सावली एखाद्या चेहऱ्यावर किती सेकंद धरायची हे ठरवताना माणूस त्या चेहऱ्याकडे जितका वेळ बघतो, तितका एरवी बघत नाही. तू चित्रकला शिकवतोस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. म्हणून मी तुला कर म्हणते.

अजून एक, मनात आलंय तर लिहूनच टाकते. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ चा. त्या फिल्मला अंधारात भोकं पाडायचं काम, रात्री फिल्म धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत होत्या, शिवाय कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. आमच्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओंच्या पाट्यांवर पुरुषांची नावं असायची, आणि आतल्या अंधारात बऱ्याच ठिकाणी बायका होत्या. मुलांना शिकवशील तेव्हा मुलींना आधी आत घे.

संत्रानगरी :

काकू, काय बोलू. मुली आधी, नक्की. पिंपळ शाळेच्या अंगणातच आहे.

आज पहाटे मोजलं : नळाचं पाणी ३३, गोणपाट गुंडाळलेल्या माठातलं २६. म्हणजे बर्फ फारसा लागणारच नाही. कागदाची ऑर्डर देतोय. एकच शंका, कागद आणि फिल्म ठेवायची कुठे? घरात ४२ अंश असतात.

रोल१२० :

३३ वरून २६? हे मी पुण्यात पावसाळ्यात करून बघितलं तर होईल का?

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या आजीची एक निगेटिव्ह शोधून काढली, आगफा क्लिक थ्रीवर काढलेली, ६ बाय ६. संत्रानगरी, तुमचा एन्लार्जर ती घेतो का? नागपूरला येईन म्हणतो.

कृष्णाकाठ :

पुण्यात पावसाळ्यात माठ काही उपयोगाचा नाही, हवाच ओली असते. पण तेव्हा नळाचं पाणीही २५ च्या आसपास असतं, त्यामुळे बिघडत नाही. पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते, बुरशीची. एन्लार्जरची लेन्स काढून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, आणि आठवड्यातून एकदा तरी उघडून बघा.

६ बाय ६ ला ५० ची लेन्स पुरत नाही, कोपरे काळे येतील. ७५ किंवा ८० मिमीची लागेल, आणि निगेटिव्ह धरायची चौकटही त्या मापाची. एन्लार्जर तेवढा मोठा आहे का ते आधी बघून घे. नसला तर ६ बाय ६ ची निगेटिव्ह कागदावर काचेखाली दाबून त्याच मापाची कॉपी काढा. क्लिकच्या रोलवर बारा फोटो यायचे, आणि गिऱ्हाईक पुष्कळदा तेवढ्याच आकाराच्या कॉप्या न्यायचं. फार सुरेख दिसतात, चेहरा लहान असला तरी स्पष्ट.

कागद आणि फिल्म फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, हवाबंद डब्यात. भाजीचा ओलावा लागू देऊ नको. वापरायच्या आधी डबा बाहेर काढून तीन-चार तास तसाच बंद ठेवायचा. ४२ अंशांच्या खोलीत गार पाकीट लगेच उघडलंस तर कागदावर दव धरतं आणि पानं एकमेकांना चिकटतात. संध्याकाळी काम करायचं असेल तर दुपारच्या जेवणानंतर काढून ठेव.